भिंत काढली, तरी भिंतीचं काम उरतंच

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुक्कामाची एक नवी तऱ्हा जगभर रुजली आहे. हवेने फुगवलेला, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा गोल, आत पलंग आणि भोवती रान. फ्रान्समध्ये मार्सेलच्या परिसरात, दक्षिण आइसलंडमध्ये, उत्तर आयर्लंडच्या सरोवराकाठी, ऑस्ट्रेलियातल्या केपर्टी दरीत असे 'बबल' उभे आहेत. आपल्याकडे पवना, मुळशी, इगतपुरी या बाजूंना डोमवजा तंबू आता नवे राहिलेले नाहीत. मग हे पारदर्शक बबल सह्याद्रीत यावेत का, आणि आले तर कोणत्या अटींवर? या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना तळमळीने बोलणारी माणसं आहेत. त्या दोन बाजू समोरासमोर याव्यात म्हणून हा संवाद रचला आहे. भाची पुण्यात आर्किटेक्ट आहे. मामा अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला, आता शेती पाहतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीबाहेर घरचा माळ आहे, तिथे दोन बबल उभारायचे असं भाचीच्या मनात आहे.

भाची: मामा, आराखडा बघून झाला ना? मग बोलत का नाहीस?

मामा: आराखडा नीटनेटका आहे. त्यामागचा विचार मला पटत नाही. रान बघायचं तर रानात यावं, आकाश बघायचं तर आकाशाखाली निजावं. मध्ये प्लॅस्टिक कशाला? भाताची झोडणी चालू असली की आम्ही खळ्यावरच निजायचो. खाली पेंढा, अंगावर घोंगडी. पहाटे घोंगडी दवाने ओली झालेली असायची. त्याला पैसा लागत नव्हता.

भाची: खळ्यावर कोण कोण निजायचं?

मामा: आम्ही भाऊ, आमचे वडील, गडीमाणसं.

भाची: आणि आजी? आई? मावशी?

मामा: त्या घरात असायच्या.

भाची: मग ते फुकट होतं, पण निम्म्या घराला मिळतच नव्हतं. आईने आकाशगंगा पहिल्यांदा नीट पाहिली ती लग्नानंतर, एसटी घाटात बंद पडली आणि सगळ्यांना रस्त्यावर रात्र काढावी लागली तेव्हा. इथे जन्मलेल्या मुलीची ही गत. आजही बाईला उघड्यावर निर्धास्त झोपता येत नाही. आणि प्रश्न फक्त बायकांचा नाही. गुडघे धरलेली माणसं आहेत, रात्री दोनदा उठावं लागणारी आहेत, सापाच्या नावानेच झोप उडणारी शहरातली पोरं आहेत. त्यांना तू खळ्यावर बोलावलंस तर ती येणार नाहीत. त्यांना पलंग हवा, आतून लावता येणारं दार हवं, जवळ संडास हवा. बबल त्यांना हे सगळं देतो आणि वरचं आकाशही राखतो.

मामा: हे तुझं म्हणणं मी खोडणार नाही. बायकांचं तर अजिबात नाही, ते आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझी शंका वेगळी आहे. तू म्हणतेस, आम्ही भिंत काढली. मी म्हणतो, भिंत काढली तरी भिंतीचं काम उरतंच. ते दुसऱ्या कुणावर तरी जातं. भिंत वारा अडवते, ऊन अडवते, आतला उजेड आत ठेवते आणि बाहेरची नजर बाहेर. ही चार कामं आता कोण करणार, ते एकेक करून सांग. मग बोलू.

भाची: चालेल. वाऱ्यापासून सुरू करू. हवेवर तोललेलं छत ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधले अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये, लष्करी इस्पितळासाठी अशा तंबूचं पेटंट मागितलं होतं. तो तेव्हा बांधला गेला नाही. प्रत्यक्षात ही रचना आली ती रडारबरोबर. 1948 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत वॉल्टर बर्ड यांनी रडारच्या अँटेनासाठी फुगवलेला घुमट उभा केला. अँटेनाला वारा आणि बर्फ लागू द्यायचा नव्हता, पण रडारच्या लहरी अडूनही चालणार नव्हतं. म्हणजे वाऱ्यापुरती भिंत होती, लहरींपुरती नव्हती. बबलमध्येही तेच आहे. वाऱ्याला, पावसाला, विंचवाला भिंत आहे; डोळ्याला नाही.

मामा: आणि हा घुमट उभा कशाच्या जोरावर?

भाची: आतल्या जास्तीच्या दाबावर. मोठ्या हवाई छतांमध्ये हा दाब बाहेरच्यापेक्षा 200 ते 300 पास्कलने जास्त ठेवतात. वातावरणाचा दाबच एक लाख पास्कलच्या वर असतो, म्हणजे फरक पाव टक्क्याच्या आसपास. कानाला कळतही नाही. पंखा अखंड हवा भरत राहतो आणि शिवणींतून, दारातून ती थोडी थोडी गळत राहते. दारं दोन असतात, मध्ये छोटी खोली. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

मामा: आता वाऱ्याचा दाब काढ. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटरचा वारा धरला तर 240 पास्कल होतात. तुझ्या आतल्या दाबाइतकेच. तेवढ्या वाऱ्यात घुमट दबणार. आषाढात या माळावर वारा कसा असतो ते तू लहानपणी पाहिलं आहेस. तिकडे घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आणि लाइट जाते तीही नेमकी तेव्हाच. पंखा बंद पडला की छत पाहुण्याच्या अंगावर.

भाची: छत एकदम कोसळत नाही. कापड हलकं असतं, हवा सावकाश निघते, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. शिवाय पंख्याला बॅटरी ठेवायचीच. दीडशे वॅटचा पंखा धरला तर दिवसाला 3.6 युनिट लागतात, तेवढं सोलरवर भागतं. पण पावसाळ्याचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. पावसाळ्यात बबल ठेवायचाच नाही. उन्हाळा वाढायच्या आत उतरवायचा, घडी घालून कोठीत ठेवायचा. आणि मामा, हेच मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. भंडारदरा धरणाच्या काठाने जी काँक्रीटची बांधकामं झाली, ती कुणाला उतरवून ठेवता येतील का? त्यांच्या पायासाठी फोडलेला खडक परत सांधता येईल का? बबल काढला की खाली लाकडी चौथरा उरतो. तोही काढला की दुसऱ्या पावसाळ्यात तिथे गवत येतं.

मामा: हा मुद्दा वजनदार आहे. उतरवता येतं ते बांधकाम मातीचं कमी नुकसान करतं, हे मी मानतो. म्हणजे वाऱ्याचं काम गेलं पंख्याकडे, बॅटरीकडे आणि तुझ्या वेळापत्रकाकडे. आता ऊन.

भाची: ऊन अवघड आहे. तापलेल्या हवेला वर निघून जायला वाटच नसते, म्हणून हरितगृह तापतं तसाच बबल तापतो. जानेवारीतसुद्धा भर दुपारी आत बसवणार नाही.

मामा: मग एसी लावणार. म्हणजे इकडून ऊन आत घ्यायचं आणि तिकडून वीज जाळून बाहेर काढायचं. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या होत्या. दुपारचं ऊन त्या पोटात घेत आणि रात्री हळूहळू सोडत. हे सगळं त्या बिनबोभाट करत होत्या. तिकडे आइसलंडमध्ये उन्हाची ऊब हवीहवीशी वाटते, म्हणून तिथे बबल शोभतो. आपण 19 अंश अक्षांशावर आहोत. इथे सावली हीच श्रीमंती आहे.

भाची: म्हणून मी एसी धरलेलाच नाही. बबल फक्त रात्रीचा. सूर्य मावळल्यावर उघडायचा, सकाळी ऊन चढायच्या आत रिकामा करायचा. दिवसा पाहुणा तुझ्या पडवीत बसेल, जेवेल, दुपारची झोप काढेल. बबलवर दिवसा जाड कापड टाकायचं. त्याने आतला ताप कमी होतो आणि प्लॅस्टिकही टिकतं.

मामा: टिकतं म्हणजे किती? प्लॅस्टिकचं मी विचारणारच होतो.

भाची: इथे मी तुझ्या बाजूला आहे. बहुतेक बबल पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं मिसळतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं, आणि मग काही वर्षांत बदलावंच लागतं. त्याचा पुनर्वापर कटकटीचा आहे. आणि ते जाळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर होतो, म्हणून शेताच्या बांधावर पेटवून मोकळं होता येणार नाही. याहून चांगलं प्लॅस्टिक आहे, ईटीएफई. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलचा ईडन प्रोजेक्ट 2001 मध्ये लोकांसाठी खुला झाला, त्याच्या घुमटांवर ईटीएफईच्या फुगवलेल्या उशा बसवल्या आहेत. ते उन्हात दशकानुदशकं टिकतं, पण महाग पडतं. मला पीव्हीसी वापरावं लागलं तर जुना बबल परत नेण्याची लेखी हमी देणाऱ्याकडूनच घेईन. तशी हमी कुणी देत नसेल, तर घेणार नाही.

मामा: हे लिहून ठेव. आता त्याच प्लॅस्टिकवरचं दव. पाहुण्याला स्वच्छ आकाश हवं असतं. आकाश जितकं स्वच्छ, तितकी जमिनीवरची उष्णता रात्री वर निघून जाते. पातळ प्लॅस्टिक तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. आत दोन माणसं रात्रभर श्वास टाकणार. श्वासातून नि घामातून सकाळपर्यंत अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत जातं. ते गार प्लॅस्टिकवर थेंब होऊन बसतं. म्हणजे ज्या रात्री तारे सगळ्यात स्वच्छ दिसायला हवेत, त्याच रात्री तुझी खिडकी धुकटते.

भाची: म्हणूनच दुहेरी पडदा घ्यायचा. दोन थरांत हवा कोंडलेली असली की आतला थर तितका गार पडत नाही. आणि पंख्याची हवा सतत खेळती ठेवायची. एकेरी पडद्याचे स्वस्त बबल मिळतात, तिथे तू म्हणतोस तसंच होतं. या कामात स्वस्त वस्तू घेतली की तोटा पाहुण्याचाही आणि कचराही आपलाच.

मामा: बरं. पण आणखी एक आहे, ते भिंतीच्या चार कामांत बसत नाही. मातीच्या भिंतीच्या घराला खिडकी होती, कौलं होती. रातकिड्यांचा आवाज आत यायचा, टिटवी ओरडली की कळायचं, पाऊस येण्याआधी मातीचा वास यायचा. तुझ्या बबलमध्ये डोळ्यांना सगळं खुलं आणि कान-नाक बंद. वर पंख्याची घरघर. रानाची ओळख डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त होते. रात्री तर कानांनीच.

भाची: पंखा दूर ठेवून लांब नळीने हवा आणली तर घरघर खूपच कमी होते. पण वासाचं तुझं म्हणणं खरं आहे, ते मला सोडवता आलेलं नाही. आवाजाबद्दल मात्र सांगते. उत्तर आयर्लंडमध्ये फर्मनाग परगण्यात लॉक अर्न सरोवराकाठच्या झाडीत मी बबलमध्ये राहिले होते. तारे बघायला गेले आणि रात्रभर पाऊस पडला. पातळ पडद्यावर पाऊस पडतो तेव्हा प्रत्येक सर जोर धरताना, ओसरताना ऐकू येते, आणि वर बघितलं की पाणी डोक्यावरून ओघळत जाताना दिसतं. पाऊस खालून, आतून बघावा असा दुसरीकडे कुठे बघायला मिळतो? मी कोरडी होते, उबेत होते आणि तरी पावसाच्या मध्यभागी होते. हा अनुभव खोटा नव्हता, मामा. तो खळ्यावरच्या झोपेहून वेगळा होता.

मामा: खोटा कोण म्हणतंय? तुझ्या बोलण्यातच कळतंय तो किती खोल गेला ते. मी म्हणतो तो अपुरा आहे, एवढंच. आता उजेड.

भाची: उजेडाची गंमत अशी की बबलमध्ये दिवा लावला की पारदर्शकपणाच संपतो. आत उजेड, बाहेर अंधार, म्हणजे प्लॅस्टिकचा आरसा होतो. माणसाला स्वतःचं तोंड दिसतं, रान दिसत नाही. बाहेरच्याला मात्र आतलं सगळं दिसतं. ज्याला बाहेर बघायचं आहे त्याला दिवा मालवावाच लागतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती पुसली जाते. म्हणजे बबल माणसाला अंधारात बसायला लावतो. आज दुसरी कुठली खोली हे करते?

मामा: ज्याने मालवला त्याला लावतो. ज्याने नाही मालवला त्याचं काय? रात्री बारापर्यंत आत दिवे लावून, जेवत, फोटो काढत बसलेल्या माणसाचा बबल माळावर पेटलेल्या कंदिलासारखा दिसेल, दहा-बारा फूट उंचीचा. भिंतीच्या घरात खिडकीएवढाच उजेड बाहेर पडतो. इथे सगळीकडून पडणार. काजव्यांचं मी सांगतो. वळवाच्या सरी पडल्या की मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात. तो लखलखाट म्हणजे नराने मादीला दिलेली हाक असते. प्रौढ काजवा जगतो थोडेच आठवडे, तेवढ्यात त्याला जोडीदार मिळायला हवा. बाहेरचा प्रखर उजेड पडला की ती हाक पोचत नाही. आणि त्याच्या अळ्या असतात जमिनीवर, ओलसर पालापाचोळ्यात, गोगलगाई खात. काजवे बघायला गर्दी लोटली, गाड्यांचे दिवे आले, पालापाचोळा तुडवला गेला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 मध्ये झालं, त्यात रात्रीच्या या गर्दीला आवर घालायची पाळी वनखात्यावर आली. येणाऱ्यांचं काजव्यांवर प्रेमच होतं. प्रेमाने आलेल्या गर्दीनेही नुकसान होतं.

भाची: म्हणून काजव्यांच्या दिवसांत माझा बबल कोठीत असेल. तो हिवाळ्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध, सगळं एका रात्रीत डोक्यावरून जातं. पाहुण्यांना अमावास्येच्या आसपास बोलवायचं. आत साधे पांढरे दिवे नकोतच. एक मंद तांबडा दिवा, तोही पायाजवळ. पण मला याच्या उलट बाजूही मांडायची आहे. 2016 मध्ये जगाच्या रात्रीच्या उजेडाचा नकाशा निघाला. त्यात दिसलं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना घरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की आकाशाचा उजळपणा वर्षाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो आहे. बाळ जन्मलं तेव्हा जिथून अडीचशे तारे दिसत होते, तिथून ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा शंभरच दिसतील. आपल्या धरणाच्या काठावर बघ. दर वर्षी नवे एलईडी, वर तोंड केलेले. त्यांना कुणी थांबवत नाही, कारण अंधार वाचवून कुणाला काही मिळत नाही. अंधार बघायला माणूस लांबून येतो आणि पैसे देतो, हे गावाला दिसलं तर गाव दिवे खाली वळवेल.

मामा: वळवेल का? की प्रत्येक जण आपला बबल उभारेल आणि त्याच्या दारात हॅलोजन लावेल?

भाची: दोन्ही होऊ शकतं, म्हणून सुरुवात कशी होते ते महत्त्वाचं. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. लडाखमध्ये हानलेला 2022 मध्ये अंधाराचं राखीव क्षेत्र झालं. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्बीण वापरायला शिकून घेतलं. पाहुणे त्यांच्याच घरी उतरतात आणि तेच आकाश दाखवतात. या दोन्ही ठिकाणी अंधार एका मालकाचा नाही, गावाचा आहे.

मामा: तू आत्ता जे म्हणालीस त्यात तुझं उत्तर आहे, आणि माझी शेवटची हरकतही. चौथं काम, नजर. तो माळ रिकामा आहे असं तुझ्या आराखड्यात दिसतं. तो रिकामा नाही. त्याच्या कडेने पायवाट जाते. पहाटे बायका लाकूडफाट्याला जातात, गुराखी गुरं घेऊन जातात, पोरं शाळेला जातात, हंगामात वरच्या वाडीची माणसं बाळहिरडा गोळा करून त्याच वाटेने उतरतात. पारदर्शक खोलीत झोपलेल्या माणसाला भोवती कुणी असलेलं चालत नाही. मग काय होतं? आधी पाटी लागते, मग कुंपण लागतं, मग वाट वळवली जाते. भिंत काढली तुम्ही, आणि नजर खाली घालून चालायचं वाटेवरच्या बाईने. पिढ्यान्‌पिढ्या जिचा पाय तिथे पडतो, ती एका रात्रीत परकी ठरते. निसर्गाच्या कुशीत वगैरे म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे माणसं पुसलेला निसर्ग असतो. सह्याद्री तसा नाही. इथे रानाबरोबर माणूस आहेच.

भाची: हे मी धरलं नव्हतं. आराखड्यावर मी झाडं मांडली, उतार मांडला, सूर्य कुठून येतो ते मांडलं. वाट मांडली नाही.

मामा: तू शहरात शिकलीस, तिथे वाट म्हणजे रस्ता, आणि रस्ता नकाशावर असतोच. इथली वाट पायांत असते. ती विचारून मांडावी लागते.

भाची: मग असं करू. बबल वाटेपासून लांब, ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला घेऊ, जिथे मधे करवंदीची जाळी आहे. वाटेच्या बाजूचा अर्धा भाग अपारदर्शक ठेवू. आकाश दिसायला डोक्यावरचा आणि डोंगराकडचा भाग पुरतो. उत्तर आयर्लंडमधल्या काही बबलमध्येही निम्मी भिंत झाकलेलीच होती. आणि कुंपण वाटेला घालायचं नाही. पाहुण्याला आधीच सांगायचं की या माळावरून लोक जातात, पडदा ओढायचा तर तुम्ही ओढा.

मामा: आणि बिबट्या?

भाची: प्लॅस्टिक बिबट्याला अडवणार नाही, हे खरं. कापडी तंबूही अडवत नाही. चौथऱ्याभोवती जाळीचं कुंपण लागेल, आणि रात्री बाहेर निघायची गरज पडू नये म्हणून संडास आतूनच जोडलेला. खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, म्हणजे कुत्री येणार नाहीत आणि त्यांच्या मागे बिबट्याही येणार नाही. आणि एखाद्या हंगामात या बाजूला त्याचा वावर वाढला तर त्या दिवसांत कुणाला ठेवायचं नाही.

मामा: तू एवढ्या अटी घातल्यास की आता बबलपेक्षा अटीच जास्त झाल्या.

भाची: त्या अटी म्हणजेच तू म्हणालास ती भिंतीची कामं आहेत. वाऱ्याचं काम हंगाम ठरवून केलं. उन्हाचं काम दिवसा खोली बंद ठेवून केलं. उजेडाचं काम पाहुण्याने दिवा मालवून करायचं. नजरेचं काम आपण जागा बदलून आणि पाहुण्याने पडदा ओढून करायचं. यातलं एकही काम वाटेवरच्या बाईवर, काजव्यावर किंवा महावितरणवर ढकलायचं नाही. तुझा हिशेब मी मान्य केला. पण त्या हिशेबातून 'बबल नको' हे उत्तर निघत नाही.

मामा: माझ्या मनातून तेच उत्तर निघतं, आणि ते मी लपवत नाही. मला वाटतं, चार बाजूंनी मोकळी, वर कौलं आणि सगळीकडून मच्छरदाणीची जाळी असलेली पडवी बांधली तर दहातल्या आठ माणसांना पुरेल. राखणीच्या माळ्यावर आम्ही असेच राहायचो. कान उघडे, नाक उघडं, पंखा नको, प्लॅस्टिक नको. बाईलाही आतून कडी लावता येईल अशी ती करता येते. डोक्यावरचं आकाश तेवढं जाईल. ते अंगणात खाट टाकून बघावं आणि मग आत निजावं.

भाची: ती पडवी मी बांधेनच, तिचा नकाशा तू काढ. पण डोक्यावरचं आकाश तेवढं जाईल असं तू सहज म्हणतोस, कारण तुझ्या वाट्याला ते भरपूर आलं. ज्याला जन्मात एकदाच एका रात्रीचं आकाश मिळणार आहे, त्याने ते खाटेवर अर्धा तास बघून उठून जायचं का? पहाटे तीनला जाग आली आणि मृग पश्चिमेला कललेला दिसला, मग डोळा लागला, पुन्हा जाग आली तेव्हा पूर्व उजळत होती. आकाश फिरतं हे पुस्तकात वाचलेल्याला ते फिरताना दिसणं, यासाठी रात्रभर डोक्यावर छत नसावं लागतं. दोन नाही, एकच बबल उभारू. पण तो उभारायचा.

मामा: एक असेल तर मी आडवा येणार नाही. पण आधी हे ग्रामसभेपुढे ठेव. नुसती परवानगी मागू नकोस, दिव्यांचंही बोल. वाडीतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून घ्यायचे ठरलं, येणाऱ्या पैशातला ठरावीक भाग त्या दिव्यांना आणि शाळेच्या दुर्बिणीला द्यायचा ठरलं, तर मग अंधार वाडीचा राहील. आकाश दाखवायला वाडीतली पोरं-पोरी तयार कर. वाटेवरून जाणाऱ्या माणसाला पाहुण्याने नमस्कार करावा, तो इथला यजमान आहे.

भाची: ते मी करेन. आणि तू?

मामा: मी त्या पोरांना नक्षत्रं शिकवेन. आणि तुला एकच सांगतो. पाहुण्याचा फोन आला की आधी दर सांगू नकोस. भिंत नाही म्हणून तिची कोणती कामं त्याच्याकडे आली आहेत, ते आधी सांग. दिवा मालवायचा, पडदा ओढायचा, ऊन चढायच्या आत खोली सोडायची, आवाज खाली ठेवायचा, वाटेला वाट द्यायची. एवढं जमणार असेल तर ये म्हणावं. जमणार नसेल तर त्याला आपल्या घरातली जाड भिंतीची खोली दे. तिथे ही सगळी कामं भिंत करते, आणि रानाला त्याची झळ लागत नाही.